घोट्यापर्यंतचा परकर

इसवी सन १९९९, जानेवारीची वीस तारीख, बुधवार. संक्रांत होऊन गेलेली आणि रथसप्तमी अजून यायची. स्थळ नाशिक, पंचवटीतील एका बालवाडीचे फरशीचे अंगण; वेळ सकाळी दहाची. त्या दिवशी तेथे बोरन्हाण झाले, आणि त्या बोरन्हाणात निवृत्त मराठी शिक्षक वाल्मीक मोतीराम तिडके यांची चार वर्षांची नात दिशा सर्वांदेखत रडली. बालवाडीतली मुले रडतातच, त्यात सांगण्यासारखे काय, असा आक्षेप कोणी घेईल. अन्य कोणत्याही दिवशी तो मान्य करता आला असता. परंतु त्या दिवशी दिशाला कोणी मारले नव्हते, ढकलले नव्हते, तिच्या हातातले काही हिसकावले नव्हते. सर्वजण तिच्याशी अत्यंत चांगले वागले होते. आणि तसे वागण्याचा पाठ त्यांना तिच्या आजोबांनीच चित्रांच्या एका पुस्तकातून घालून दिला होता.

दिशाचा डावा पाय जन्मापासून उजव्याहून आखूड आणि गुडघ्याखाली दुबळा होता. त्या पायात उंच तळाचा काळा बूट असे, बुटाच्या दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या गुडघ्यापर्यंत चढत आणि तेथे चामडी पट्ट्याने आवळल्या जात. ती चालली की फरशीवर एक जड आणि एक हलका असा आवाज आळीपाळीने होई. रस्त्यात कोणी कनवाळूपणे "पोलिओ का हो?" असे विचारले की अण्णा (घरी त्यांना अण्णा म्हणत) थांबून सांगत, "नाही. पोलिओ नव्हे. जन्मतः आहे." ही दुरुस्ती ते इतक्या निष्ठेने करीत की जणू तिच्यामुळे पायाची लांबीच बदलणार होती. नातीला बालवाडीत पोचवताना ते मोठ्या रस्त्याने जात नसत. मागच्या बोळाने जात. बोळात सावली असते, असे कारण ते देत, आणि ते खरेही होते. थंडीच्या सकाळी सावलीचा उपयोग काय, हे त्यांना कोणी विचारले नाही.

पुस्तकाचा उगम दिवाळीनंतरच्या एका दुपारी झाला. दिशाला न्यायला अण्णा नेहमीपेक्षा लवकर पोचले, तेव्हा त्यांना दाराच्या गजांतून असे दिसले: नात अंगणात भिंतीला टेकून बसली आहे, तिचा लोखंडी पाय वाटेत आडवा पसरलेला आहे, आणि मुलांची एक रांग, एकमेकांचे सदरे मागून धरून, तिच्यापुढे उभी आहे. रांगेच्या तोंडाशी अमित होता. त्याचे आईवडील मखमलाबादकडे झेंडू लावत आणि पहाटे फुलबाजारात आणून विकत. पोरगा खणखणीत आवाजाचा.

"ए लोखंडी," अमित ओरडत होता, "उचल ना पाय. गाडीला लय उशीर झालाय."

मागची मुले हसली. अण्णांचे कान तापले. ते आत शिरले, कोणाला काही न विचारता त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतले आणि तसेच बाहेर पडले.

"मला का उचललं?" बोळात दिशा पाय झाडत म्हणाली. "माझं फाटक होतं."

अण्णांनी ऐकले आणि सोडून दिले. विचारले असते तर त्यांना कळले असते की मुले आगगाडी खेळत होती. फाटक दिशाचे होते. तिने पाय उचलल्याखेरीज गाडी पुढे जाऊ शकत नसे, आणि ती चिंचेचे बुटूक घेतल्याशिवाय पाय उचलत नसे. फाटक होण्याची इच्छा सर्वांनाच होती, पण साध्या पायाचे फाटक गाडी ओलांडून जाते, हे अमितने एकदा करून दाखवले होते. म्हणून ते पद लोखंडीचे. परंतु अण्णांनी विचारले नाही, कारण जे दिसले त्याचा अर्थ त्यांच्या मनात चार वर्षांपासून तयार होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितले की बालवाडीसाठी आपण एक चित्रपुस्तक करू. ही सून तृप्ती, दिशाची आई, एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. तिला आनंद झाला. सासरे काही लिहितात आणि ते छापायला न देता वर्गात दाखवायला देतात, ही गोष्टच नवी होती. तिने पूर्ण आकाराचे कार्डशीट आणले, म्हणजे सतरंजीवर शेवटी बसलेल्या मुलालाही चित्र दिसावे, आणि पेन्सिलीने पाने आखायला घेतली. नायिकेचे नाव अण्णांनी ठेवले: अबोली.

पहिल्याच कच्च्या चित्रावर ते थांबले. त्यात अबोली पेरूच्या झाडाच्या खालच्या फांदीवर बसली होती. फ्रॉकच्या खिशात पेरू कोंबलेले, बूट खाली लोंबकळतो आहे, आणि बुंध्याशी काठी घेऊन मालक.

"हे काय?"

"अबोली पेरू चोरतेय."

"पायाने अधू असलेली मुलगी झाडावर चढते?"

"आपली कपाटावर चढते, अण्णा. परवा लाडवाच्या डब्यापर्यंत पोचली होती. तुम्हीच तर उतरवलीत."

"ती चढते हे मला ठाऊक आहे. दाखवावे की नाही हा प्रश्न आहे. शिवाय चोरी. जिच्याविषयी मुलांच्या मनात आदर निर्माण करायचा, तिलाच चोर करायचे?"

"आदर कुणाला हवाय? पोरांनी तिला खेळायला घ्यावं, एवढंच ना?"

"आदरावाचून जवळ करणे म्हणजे नुसते सोसणे."

"चार वर्षांची आहेत हो ती. अमित अजून शेंबूड बाहीला पुसतो. तो कसला आदर करतोय?"

अण्णा हसले नाहीत. ते पान रद्द झाले. त्याच्या जागी अबोली झाडाखाली बसलेली आली, आणि पेरू तिला इतरांनी आणून दिले. पानाखाली अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: अबोलीचा पाय अशक्त होता, परंतु तिचे मन निर्मळ होते. ती कोणावर रागावत नसे. ती सर्वांवर प्रेम करीत असे.

मग रंगाचे काम आले. तृप्तीने बूट आधी रंगवायला घेतला, कारण काळा रंग तिला चांगला जमला होता. लोखंडी पट्टीवर तिने पांढरी बारीक रेघ मारली तेव्हा पट्टी खरोखर चमकली. अण्णा मागे उभे होते.

"हिला फ्रॉक नको," ते म्हणाले. "परकर दे."

"बरं."

"आणि तो थोडा खाली येऊ दे."

"किती खाली?"

"घोट्यापर्यंत."

तृप्तीने कुंचला पाण्यात ठेवला. "मग बूट दिसणार नाही, अण्णा."

"पाय अशक्त आहे हे मी शब्दांत सांगितलेच आहे. जे शब्दाने सांगून झाले ते चित्राने पुन्हा सांगणे हा पुनरुक्तीचा दोष होय."

"चित्राच्या पुस्तकात चित्रानं सांगायचं नाही?"

"जे सुंदर आहे ते सांगावे."

हे शेवटचे वाक्य त्यांना बोलायचे नव्हते. पुनरुक्तीचा युक्तिवाद बिनतोड होता आणि तेवढ्यावर थांबणे शहाणपणाचे ठरले असते. तृप्ती त्यांच्याकडे वळली. भांडण होईल असे त्यांना वाटले, आणि ते झाले असते तर त्यांना बरेच झाले असते. वादात ते सहसा हरत नसत. पण तिने निळा रंग कालवला, पिवळा काठ काढला, आणि बुटावरून परकर खाली आणला. ओला निळा रंग सुकेपर्यंत त्याखालून काळी आकृती अस्पष्ट दिसत होती. मग तीही गेली. अशा रीतीने एका मुलीच्या पायाविषयी लिहिलेल्या त्या पुस्तकात पाय कोठेही राहिला नाही.

बालवाडीच्या मोहिनीताई कधीकाळी अण्णांच्या वर्गात शिकलेल्या. सरांनी लिहिलेले पुस्तक म्हटल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, आणि त्यात काही कमी असेल अशी शंका त्यांना आली नाही. आली असली तरी सरांच्या वाक्यावर बोट ठेवण्याचा सराव त्यांना शाळेत कोणी लावला नव्हता. त्यांनी पुस्तक मनापासून वाचून दाखवले. शेवटच्या पानावर मुले आपापला खाऊ अबोलीच्या ओटीत घालतात आणि हात जोडून बाजूला उभी राहतात, असे चित्र होते. ते पान त्या मुलांकडून करूनही घेत. ओटी धरून बसायला अर्थातच दिशा.

"आता सगळ्यांनी काय करायचं?" मोहिनीताई विचारीत.

"अबोलीला द्यायचं," मुले एका सुरात म्हणत.

"आणि अबोलीला काय करायचं नाही?"

"ढकलायचं नाही. चिडवायचं नाही. तिच्याबरोबर पळायचं नाही."

तिसरे उत्तर पुस्तकात नव्हते. ते मुलांनी स्वतः काढले होते. त्यांना पुस्तक नीट समजले होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

घरी मात्र दिशा पुस्तकाविषयी अडचणीचे प्रश्न विचारू लागली.

"आजोबा, अबोलीचा बूट कुठंय?"

"परकराच्या आत."

"मग ती फाटक कसं करते?"

"ती फाटक करत नाही."

"मग काय करते?"

"ती… सर्वांवर प्रेम करते."

दिशाने थोडा विचार केला. "आणि मग?" ती म्हणाली.

अण्णांनी तिला पाणी आणायला सांगितले.

डिसेंबर संपता संपता तिने जेवताना सहज सांगितले की आता फाटक पाटाचे केले आहे. पाट आडवा ठेवायचा, गाडी आली की उचलायचा.

"का गं?" तृप्तीने विचारले. "तुझं होतं ना?"

"अमित म्हणतो, तुला दुखेल. तू बस."

तृप्तीने अण्णांकडे पाहिले. अण्णा भात कालवीत होते. "पाहिलेस?" ते म्हणाले. "फरक पडतो."

बोरन्हाणाची मात्र दिशाला उत्सुकता होती. संक्रांतीनंतर लहान मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून बसवायचे, त्यांच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, रेवड्या ओतायच्या, आणि खाली पडेल ते मुलांनी झोंबून लुटायचे. मागच्या वर्षी घरीच झालेल्या बोरन्हाणात तिला एक शोध लागला होता. बोरे गोल असतात, ती घरंगळतात, आणि पाय आडवा टाकला की ती लोखंडी पट्टीला अडून जागीच थांबतात. धावणारी चुलतभावंडे कोपऱ्यांतून बोरे शोधत होती, तेव्हा हिच्या पायाशी ढीग साचला होता.

"आजोबा, मी बांध घालणार," आदल्या दिवशी तिने गुपित सांगावे तसे सांगितले. "असा पाय टाकणार. सगळी बोरं माझ्याकडं. अमितला एक पण नाही."

"पाय आत घेऊन नीट बसायचे," अण्णा म्हणाले. "सगळ्यांचे आईवडील येणार आहेत." आणि मेन रोडवरून तिच्यासाठी त्यांनी काळा परकर आणला. लांबी त्यांनी दुकानातच नीट पाहून घेतली होती.

तृप्तीची शाळा असल्यामुळे बुधवारी अण्णा एकटेच नातीबरोबर गेले. अंगणात मुले गोल करून बसली होती. कपाळावर हलव्याची बिंदी, हातात हलव्याची कंकणे. काहींनी ती आधीच चाटून अर्धी केली होती. औक्षण झाले. मोहिनीताई आणि दोन आया पराती घेऊन मध्ये आल्या. दिशाने एकदा आजोबांकडे पाहिले. मग नजर वळवून, परकर गुडघ्यापर्यंत वर सारून, लोखंडी पाय ऐटीत बाहेर टाकला. अण्णांनी लांबूनच हाताने खूण केली की आत घे. तिने पाहिले नाही, किंवा पाहून मानले नाही.

पराती उलटल्या. बोरे फरशीवर टपटपली, उसळली आणि घरंगळत निघाली. दिशाचा बांध पक्का होता. बोरे पट्टीवर आपटून थांबू लागली. ती दोन्ही हातांनी ती ओढू लागली, आणि ओढताना मान वर करून अमितकडे पाहून हसली. हे हसणे आव्हानाचे होते. आता त्याने झडप घालायची, तिने किंचाळून त्याचा हात दाबायचा, असा तो करार होता.

अमित पुढे आलाही. त्याने एका झडपेत तिच्या पायाशेजारची मूठभर बोरे उचलली. तेवढ्यात मोहिनीताई गोड आवाजात म्हणाल्या, "आपल्याला कुणाला द्यायचं बरं?"

अमित थांबला. त्याने मुठीकडे पाहिले; त्यात एक मोठे, तांबूस, पिकलेले बोर होते. मग त्याने ती मूठ दिशाच्या ओटीत रिकामी केली आणि हात जोडले. त्याच्यामागे पुढचे मूल आले. मग सगळी आली. ज्यांनी रेवड्या गोळा केल्या होत्या त्यांनी रेवड्या घातल्या. ज्यांना उसाचे तुकडे मिळाले होते त्यांनी ते घातले. एक मुलगी अर्धे खाल्लेले बोर तोंडातून काढून ठेवून गेली. लुटायला खाली काही उरले नाही. मुले हात जोडून गोलाने उभी राहिली, आणि मध्ये दिशा, मांडीवर ढीग घेऊन, देवळातल्या मूर्तीसारखी.

तिने एक बोर उचलले आणि अमितला नेम धरून मारले. ते त्याच्या कपाळाला लागले. अमितने तेच बोर उचलले आणि त्याचा हात तत्काळ वर गेला. तो ते फेकणारच होता. दिशाचा चेहरा उजळला. पण अमितला काहीतरी आठवले. त्याने हात खाली घेतला.

तेव्हा दिशा रडली.

"अगंबाई, गहिवरली पोर," कोणा एकीची आई म्हणाली आणि तिने स्वतःचे डोळे पदराने टिपले. दुसरी अण्णांकडे वळली. "सर, तुमच्या पुस्तकानं केवढे संस्कार झाले हो पोरांवर. आमचा घरी भावाला एक चॉकलेट देत नाही." अमितचे वडील फुलबाजारातून तसेच आले होते, झेंडूच्या पाकळ्या सदऱ्याला चिकटलेल्या. ते म्हणाले, "पोरगं लय सुधारलं, सर. आधी नुसतं तिचंच नाव घ्यायचं, लोखंडीनं हे केलं, लोखंडीनं ते केलं. आता नाव पण नाय काढत."

अण्णांनी सर्वांना नमस्कार केला. स्तुती अजून चालूच होती आणि ती परत करता येत नव्हती. त्यांना दिसत होते ते एवढेच: आपल्या पुस्तकाचे शेवटचे पान फरशीवर मांडले आहे, जसेच्या तसे, परकराच्या काठापर्यंत, कारण रडताना नातीने पाय आत ओढून घेतला होता आणि काळा परकर घोट्यापर्यंत खाली ओढला होता. बूट दिसत नव्हता. त्यांनी चित्रात जे करून घेतले होते ते तिने आता स्वतःच्या हाताने केले होते. चार वर्षांत तिने पाय झाकल्याचे त्यांना आठवत नव्हते. झाकणारे नेहमी तेच होते.

घरी ते मोठ्या रस्त्याने आले. हे प्रायश्चित्त आहे असे क्षणभर त्यांना वाटले, आणि लगेच त्या विचाराचीही लाज वाटली. कारण रस्त्यातून चालायचे होते ते नातीला, आणि ती थकलेली होती. माणसे बुटाकडे पाहत होती. मालेगाव स्टँडपाशी एका म्हाताऱ्याने विचारले, "पोलिओ का?" अण्णांच्या ओठांवर दुरुस्ती आली. मग ते म्हणाले, "हिला विचारा." म्हाताऱ्याने काही विचारले नाही. दिशा पुढे चालत राहिली.

दुपारी तृप्ती शाळेतून आली तेव्हा अण्णांनी झाले ते सर्व सांगितले, काही न गाळता, मध्ये स्वतःची बाजू न मांडता. बालवाडीतून ते पुस्तक मागून आणले होते. ते त्यांनी जमिनीवर ठेवले, समोर बसकण मारली आणि म्हणाले, "चुकले आहे हे मला कळते. कोठे चुकले ते तू सांग. पेरूचे पान परत घालू. परकर वर घेऊ. निळ्यावर काळा रंग चढतो ना?"

तृप्ती खिडकीशी गेली, पिशवी खुंटीला अडकवली, आणि मग म्हणाली, "मला नका विचारू, अण्णा. तिला विचारा."

दिशा ओटीतली बोरे फरशीवर सोडून पायाने अडवीत होती. एकटीच. बोर सोडायचे, पाय टाकायचा, पुन्हा बोर सोडायचे. अण्णांनी तिला हाक मारली. ती आली आणि त्यांच्याशेजारी पाय पसरून बसली. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या लिखाणावर तांबड्या शाईने शेरे मारले होते. आपले लिखाण पुढे ठेवून शेऱ्याची वाट पाहत बसणे कसे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते पाने एकेक करून उलटू लागले. अबोली झाडाखाली बसलेली. अबोली खिडकीत बसलेली. अबोली अंगणात बसलेली, ओटी भरलेली.

"दिशा, हिच्या पायात तुझ्यासारखा बूट घातला तर?"

तिने चित्र नीट पाहिले. परकराच्या काठावर बोट ठेवले, जणू तो उचलला जाईल की काय ते पाहत होती.

"बूट घातला तरी ती नुसती बसूनच राहील," ती म्हणाली.

"मग काय करू या?"

दिशाने पुस्तक मिटले, दोन्ही हातांनी त्यांच्याकडे सरकवले, आणि आपल्या बोरांकडे परत जाताना मागे न पाहता म्हणाली, "तुमचं पुस्तक चांगलं नाही, आजोबा."